नुसतं पाणी

जामीनदार म्हणून सही करायला कुणी आमच्या पतसंस्थेत आला, की साहेब आधी त्याच्या हातातलं पेन काढून घेत. मग चष्म्यावरून बघत विचारत, "घरात विचारलंत का?" मित्राला कर्ज मिळावं म्हणून तो बिचारा मोठ्या रुबाबात आलेला असायचा. मिशीवाला असला तर जास्तच दुखावायचा. "विचारायचंय काय त्यात? सही मी करणार," असं बहुतेक जण म्हणत. साहेबांचं उत्तर ठरलेलं. "सही तुम्हीच कराल हो. पण मित्राने हप्ते थकवले, की आमचा वसुलीचा माणूस भर दुपारी येतो. तेव्हा तुम्ही कामावर. दार कोण उघडणार?"

हडपसरातली आमची पतसंस्था तशी छोटी. भाजीवाले, कंपनीतले कामगार, रिक्षावाले, मांजरी गावाकडचे ऊसवाले, असे सभासद. साहेब तिथले मुख्य कार्यकारी अधिकारी. पण हा हुद्दा लेटरहेडपुरता. आम्ही त्यांना पाठीमागे 'गृहखातं' म्हणायचो. मी नवीनच कारकून म्हणून लागले होते, तेव्हा फोनवर मैत्रिणीला सांगत होते, "आज निवांत आहे गं, गृहखातं दौऱ्यावर गेलंय." मागून आवाज आला, "दौरा रद्द झाला, शुभांगीबाई. तुमचं चालू द्या." माझ्या हातून फोनच पडला. त्यांनी तो उचलून दिला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. काढला नाही ना, तेच फार लागलं.

दौरा म्हणजे जामीनदाराच्या घरची भेट. कर्ज मंजूर करण्याआधी साहेब त्याच्या घरी जात, बरोबर मला नेत. ओट्याशी जाऊन दोन शब्द बोलायला बाई माणूस हवं म्हणून. ते स्वतः बाहेर बसून पोरांची शाळा, नळाचं पाणी, असल्या गप्पा मारत. आणि वाट बघत. चहा बाहेर आला, तर घराची संमती. नुसतं पाणी आलं, तर अर्ज परत. "बाई पाहुण्यांसमोर नवऱ्याला नाही म्हणत नाही," ते म्हणत, "पण मनात नसेल तर चहाही टाकत नाही." मी एकदा वाद घातला, "आणि घरातलं दूध संपलेलं असेल तर?" साहेब म्हणाले, "दूध संपलं असेल तर ती दहा वेळा सांगते, शेजारी धावते. काही न बोलता पाणी येतं, तेव्हा ते नुसतं पाणीच असतं."

कुठल्याही नियमात न बसणारी ही पद्धत, पण मी तरी ती चुकलेली पाहिली नाही.

इंदूताईंच्या घरी असंच पाणी आलं. त्यांचा नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. मित्राच्या टेम्पोसाठी त्याला जामीन राहायचं होतं. इंदूताईंनी पेले आमच्यासमोर ठेवले आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. साहेब पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, "फार गार आहे हो, बरं वाटलं," म्हणाले आणि उठले. फाटकापाशी त्यांनी अर्ज नवऱ्याच्या हातात ठेवला. तो गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "तुमच्यासारखी दुकानं छप्पन्न आहेत!" साहेब नेहमीच्या आवाजात म्हणाले, "असतील. पण घर एकच आहे ना?"

पुढे शेजारची एक पतसंस्था बुडाली, आणि आता आमचीही जाणार अशी अफवा उठली. सकाळी शटर वर केलं तर रस्त्यापर्यंत रांग. साहेबांनी मांडववाल्याकडून खुर्च्या मागवल्या, पाण्याचे जार ठेवले आणि कॅशियरला म्हणाले, "हसत द्या. त्यांचं आहे ते मागतायत, आपण उपकार करत नाही." हसत देऊनही दुपारपर्यंत तिजोरीचा तळ दिसायला लागला. रांग हटेना, तेव्हा पहिल्यांदा मी साहेबांना घाम पुसताना पाहिलं.

तेवढ्यात इंदूताई आल्या. रांगेत उभ्या न राहता पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्यो मानूस माझ्या दारातनं नुसतं पानी पिऊन माघारी गेलाय. कर्जावर व्याज मिळत व्हतं, तरी गेला. माझं पैसं हाय तिथंच ऱ्हाऊ द्या." काढून घ्यायला त्या आल्याच नव्हत्या, सांगायला आल्या होत्या. मग रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. साहेबांनी ज्यांच्या घरी चहा घेतला होता, अशा कितीतरी जणी त्यात होत्या. हळूहळू रांग विरली. साहेब आत जाऊन जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर त्यांना जिल्हाभरातून बोलावणी येऊ लागली. गावोगावच्या पतसंस्थांना कर्ज कसं द्यावं, त्याहून जास्त म्हणजे कुणाला देऊ नये, हे शिकवायला ते दर रविवारी निघत. मानधन नाही, एसटीचं तिकीट स्वतःचं. त्यांच्या कात्रजच्या घरी मी एकदा गेले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे रविवार फक्त कॅलेंडरवर असतो, शुभांगी." साहेब पिशवी भरत होते. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असावं.

काळ बदलला तरी गृहखातं बदललं नाही. आयटीतला एक मुलगा मध्यंतरी वैतागला, "सर, ॲपवर पाच मिनिटांत लोन अप्रूव्ह होतं!" साहेब म्हणाले, "मग तिथंच घ्या. आमच्याकडे चहा उकळायलाच तेवढा वेळ लागतो." मुलगा हसला आणि बायकोला घेऊन आला.

गेल्या महिन्यात साहेब निवृत्त झाले, त्यांचा निरोप समारंभ झाला. चेअरमननी माईकवरून परस्पर जाहीर केलं, "साहेब आणखी दोन वर्षं सल्लागार म्हणून राहणार आहेत!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या, कारण सोमवारपासून साहेबांच्या खुर्चीत मला बसायचं होतं आणि त्यांच्याशिवाय बसायची मला भीती वाटत होती. साहेबही हो म्हणायला उठलेच. तोच सभागृहाच्या मागून इंदूताईंचा आवाज आला, "सायेब, घरात इचारलं का?"

सभागृह खदखदून हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. पहिल्या रांगेत वहिनी पदर सारखा करत खाली बघत होत्या. साहेब तिकडे बघतच राहिले. मग माईकमध्ये एवढंच म्हणाले, "नाही विचारलं. कधीच नाही."

रविवारी चेअरमन आणि मी नेमणुकीचा कागद घेऊन कात्रजला गेलो. साहेब घरीच होते, रविवार असून. त्यांनी आमच्यासमोर आत हाक मारली, "अगं, हे लोक विचारायला आलेत." चेअरमन कात्रजच्या रहदारीविषयी बोलत होते. मी आतल्या भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून होते. मला चहा हवा होता. आयुष्यात कधी नव्हता इतका हवा होता.

वहिनी बाहेर आल्या. ट्रेमध्ये पाण्याचे पेले होते. त्या काही बोलल्या नाहीत.

साहेबांनी सगळ्यात आधी आपला पेला उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चेअरमनच्या हातातला कागद त्यांनी हलकेच घडी करून माझ्या हातात ठेवला. मी तो पर्समध्ये टाकला तेव्हा डोळे भरून आले होते, आणि तरी बरंही वाटत होतं.

"ठेवलास का आत?" वहिनींनी विचारलं. "मग बसा आता. आलं किसून ठेवलंय मी."