धुकं असेपर्यंत शिजलेलं माडगं

चव्वेचाळीस साली आमची प्लाटून ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर एका टेकडीवर होती. टेकडीला नाव नव्हतं, नकाशावर नुसता आकडा होता. मी लान्स नाईक, गाव कडेगावजवळ. माझ्या बंकरमध्ये सिपाही बिरा, आटपाडीकडचा धनगर. भरतीआधी तो मेंढरांमागं रानोमाळ फिरायचा. तिथं बापाचं बघून स्वयंपाक शिकला होता.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे रायफल धरून मोर्च्यात सज्ज राहायचं, मग हत्यारांची सफाई. पाणी खालच्या ओढ्याचं, तेही उजाडायच्या आत आणायचं, कारण समोरच्या डोंगरावर शत्रूच्या मोर्टार होत्या. दिवसभर बंकरात पडून आम्ही जेवणाच्या गोष्टी करायचो. भुकेली माणसं दुसरं काय बोलणार? एकदा मी त्याला आमच्या आईचं भरीत सांगितलं.

"दही न्हाई घालत?"

"न्हाई. शेंगदाण्याचं कूट."

"एकडाव घालून बघ, गड्या. मग सांग."

पुढं मागचा रस्ता तुटला. राशन विमानातून टाकणार होते, पण ढग हटेनात. वायरलेसवर रोज तेच: "ड्रॉप कॅन्सल. होल्ड. ओव्हर." उरली होती ती कडक बिस्किटं, थोडं मीठ आणि लसणाचे चार गड्डे. त्यातच हगवण लागली. निम्मी प्लाटून आडवी झाली. सुभेदारसाहेबसुद्धा झाडाला धरून उभे राहायचे. त्या अवस्थेत हल्ला आला असता तर रायफल उचलायला माणसं नव्हती.

आमची खेचरं गोळ्यांत मेली होती, पण त्यांच्या खाद्याचं हुलग्याचं पोतं शाबूत होतं. बिरानं मूठभर हुलगे हातात घेतले आणि तो सुभेदारसाहेबांकडं गेला.

"साहेब, माडगं करतो."

माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज. बिराच्या दुष्काळी मुलखात आजाऱ्याला तीच देतात.

"खेचराचं खाणं पोरांना घालणार?"

"आमच्यात बाळंतिणीलाबी देत्यात, साहेब."

"धूर दिसला तर मोर्टार येतील."

"धुकं हाय तवर धूर कुणाला दिसतोय?"

साहेबांनी परवानगी दिली. हुलगे आम्ही तव्यावर खमंग भाजले आणि दोन दगडांत भरडले. जळणाला वाळका बांबू घेतला. त्याला धूर कमी, पण त्याचं पेर आगीत गोळीसारखं वाजतं, म्हणून एकेक पेर आधी संगिनीनं चिरलं. दुसऱ्या दिवशी धुकं दाटल्यावर बिरानं डेगचीत पाणी ठेवलं, मीठ टाकलं, पीठ सोडलं. पिठानं पाणी लगेच ओढून घेतलं. सगळ्यांना पुरण्याइतकं ते पातळ होईना.

बिरानं पाणी आणायच्या दोन छागली, कॅनव्हासच्या पिशव्या, उचलल्या. "ढवळत ऱ्हा. गुठळी धरू दिऊ नगंस. लसूण ठेचून घाल, चिरून न्हाई. मी आलोच."

टेकडीवर धुकं होतं. ओढ्यावरचं आधीच विरलं होतं, ते वरून आम्हाला कळलं नाही. दोन बॉम्ब पडले. मग शांत झालं.

दोघांनी त्याला वर आणलं. तो गेलेला होता. एक छागल फाटली होती, दुसरी भरलेली होती. माझा हात थांबला.

सुभेदारसाहेब म्हणाले, "ढवळ. पोरं आजारी आहेत."

ते पाणी मी डेगचीत ओतलं. लसूण ठेचून घातला. एकेक मग सगळ्यांना दिला. तळाशी एक मग उरला.

"तू पी," साहेब म्हणाले.

"साहेब, ते बिराचं आहे."

"म्हणूनच सांगतोय. पी."

मी प्यालो. दुपारी आम्ही बिराला तिथंच माती दिली. पुढं रोज धुक्यात माडगं शिजत राहिलं. हळूहळू माणसं उभी राहिली. रिलीफची तुकडी पोचेपर्यंत टेकडी आमच्याकडंच होती.

लढाई संपल्यावर फौजेतून सुटून गावी आलो. आईला माडगं शिकवलं, तिनं शेजारणींना. तापातून उठलेल्या माणसाला आमच्या आळीत आता तेच देतात. पण एका घरी जायचं राहिलं होतं.

आटपाडीच्या पलीकडं, माळावर बिराचं घर. त्याची आई दारात लोकर निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. घडलं तसं सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं.

"लसूण चिरून घातला का ठेचून?"

"ठेचून. तसं सांगून गेला."

"त्येच्या बापाची रीत. मी चिरून घालती."

तिनं लोकरीतला एक काटा काढून टाकला.

"समद्यांना पुरलं का?"

"व्हय, आई. पुरलं."

"आन् त्येच्या वाटणीचं?"

"मी प्यालो."

तिनं मान वर केली. माझ्याकडं नीट बघितलं. मग लोकर बाजूला ठेवून तिनं आत लेकीला हाक मारली.

"तानू, ताट वाढ गं. बिराच्या वाटणीचं जेवलेला माणूस आलाय."