मीटर रावेरला बसेल

वडिलांना ट्रकवरून काढलं ते चारचौघांत. ठिकाण रावेरची केळीची वखार. सकाळी घड रचणं चालू होतं. मालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, हमालांसमोर म्हणाले, "डिझेल सांगते जास्त, मीटर सांगते कमी. मधला रस्ता कुठी गेला?" आणि चावी मागून घेतली.

याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. रिकाम्या परतीच्या गाडीत काही ड्रायव्हर मालकाला न सांगता स्वतःचं भाडं भरत. त्याआधी गाडीखाली शिरून गिअरबॉक्सकडून मीटरकडे जाणाऱ्या केबलचा नट हाताने सोडायचा. चाकं फिरत राहायची, मीटर थांबायचं. गाव जवळ आलं की नट पुन्हा आवळायचा. वडिलांनी हे कधी केलं नव्हतं, पण ते ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही. पुढे फैजपूरच्या गाडीवाल्यांनीही त्यांना दारातूनच परत पाठवलं.

ते धुळ्याला आले आणि आग्रा रोडवर मीटर दुरुस्तीची टपरी टाकली. हा धंदा आपण रागाने निवडला, असं ते स्वतःच सांगत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावच्या एका दैनिकात काम करत होतो. सुट्टीत टपरीवर बसलो असताना तोच ट्रक समोर येऊन थांबला. ड्रायव्हर नवा होता, तो वडिलांना ओळखत नव्हता. काटा बंद पडलेला आणि दोन दिवसांवर पासिंग. मीटर चालत नसेल तर आरटीओत गाडी पास होत नाही.

वडिलांनी डॅशबोर्डमागून केबल सोडवली. मीटरचं टोक बोटाने फिरवलं, काटा हलला. म्हणजे मीटर शाबूत होतं. मग केबलच्या आवरणातून आतली तार ओढली. ती अर्धीच बाहेर आली, आत तुटली होती. ग्रीस लावून नवी तार घातली आणि काटा उठला. काम खरं तर इथेच संपलं होतं. पण दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी पारोळा रस्त्यावर नेऊन किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघायची त्यांची रीत होती. दगडांनी दहा किलोमीटर सांगितले, मीटरने आठ.

परतल्यावर त्यांनी केबल फिरवणारं छोटं दातेरी चक्र गिअरबॉक्समधून काढलं. ते दुसऱ्याच मॉडेलचं होतं. दात जास्त, म्हणून सावकाश फिरणारं. वडिलांना काढण्याच्या थोडं आधी आबांनी गिअरबॉक्स वखारीतच उघडून घेतला होता आणि आत भंगारातले भाग घातले होते.

"तू आल्यापासून गिअरबॉक्स खोलला होता का?" वडिलांनी विचारलं.

"आबा खोलू देतीन व्हय, भाऊ? मलेच म्हनतात, डिझेल तू पितो का."

वडील हसले नाहीत. त्यांनी मीटर उतरवून त्या चक्रासकट कपड्यात गुंडाळलं.

"आबाला सांग, मीटर रावेरला बसेल. पासिंगच्या दिवशी सकाळी, वखारीत, हमाल आल्यावर."

"आबा मले जित्ता सोडनार नाहीत."

"गाडी पास करनी शे ना? मग सोडतीन."

त्या सकाळी आम्ही एसटीने रावेरला गेलो. आबा खाटेवर बसले होते.

"बसव लवकर," ते म्हणाले, "मंग च्या घेऊ."

वडिलांनी ते चुकीचं चक्र त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि गिअरबॉक्स कोणी उघडला होता, एवढंच विचारलं. आबांनी चक्र फिरवून पाहिलं.

"म्हंजे मीटर खोटं बोललं म्हनायचं."

"मीटर नाही, आबा."

हमालांनी घड खाली ठेवले. आबा उठले. "या मानसानं केबल सोडली नव्हती," ते म्हणाले. "चूक माही व्हती."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

आबांनी तेच पुन्हा म्हटलं. मागून एक हमाल म्हणाला, "आलं, भाऊ, आलं."

वडील पाना हातात धरून उभेच राहिले. "फैजपूरचे गाडीवाले माल पाहायला येतीन ना?" त्यांनी विचारलं. "ते येईपर्यंत थांबू."

आरटीओसाठी जळगाव गाठायचं होतं. आबा एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी मध्ये पडलो नाही. फैजपूरवाले आले, आबांनी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, आणि मग वडील योग्य दातांचं चक्र घेऊन गाडीखाली शिरले.