पेन खिशात गेल्यावर

समोरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारण्याआधी नाना पेनाला टोपण लावायचे. ते नीट बसलं की नाही हे अंगठ्याने दाबून बघायचे, पेन शर्टाच्या खिशात अडकवायचे आणि मग म्हणायचे, "पेन खिसामा गया. आते बोला."

आमच्या कामाच्या दृष्टीने हे अगदीच उफराटं होतं. काम होतं अभिप्राय गोळा करण्याचं. शाळांना टीव्ही मिळाले, टॅबलेट मिळाले, इंटरनेटच्या वायरी ओढल्या गेल्या. त्या सगळ्याचं पुढे काय झालं हे शाळेशाळेत जाऊन विचारायचं आणि फॉर्मवर खुणा करून आणायच्या. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत आम्ही पाच-सहा जण फिरत होतो. त्यात सगळ्यात मोठे नाना, निवृत्त मुख्याध्यापक. सगळ्यात लहान मी, आणि स्वतःच्या मते सगळ्यात हुशारही मीच. टायपिंगचा वेग चांगला होता, मोबाईलवरचं अ‍ॅप मला पाठ होतं, आणि माणसांमधलं आपल्याला काहीच कळत नाही याचा मला पत्ता नव्हता.

नानांचं नाव मी इथे देत नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. कुठल्याही कागदावर माणसाचं नाव घालताना ते दोनदा विचार करायचे.

फॉर्म भरून घेणं तसं सोपं होतं. 'अत्यंत समाधानकारक'पासून 'असमाधानकारक'पर्यंत चौकटी, आणि शाळा डोळे झाकून दुसऱ्या चौकटीत खूण करायच्या. पहिली चौकट जरा जास्तच वाटते आणि तिसरीत खूण केली की वरून फोन येतो. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांचे फॉर्म हुबेहूब सारखे निघाले. एका गुरुजींनी आपला फॉर्म भरून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि बाकीच्यांनी तो इतक्या मनोभावे उतरवला की पटसंख्याही सगळीकडे त्रेचाळीसच. मी हसून लोटपोट झाले. नाना मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शहाणी माणसं आहेत गं ही. घाबरलेली आहेत, एवढंच."

त्यांची पाहणी टीव्हीपासून सुरूच होत नसे. ते आधी रिमोट मागायचे. "रिमोट कुठे शे?" असं सहज विचारायचे आणि मग खिडकीतून बाहेर बघत उभे राहायचे. एखाद्या पोराने दप्तराशेजारून उचलून आणला, तर टीव्ही रोज चालतो. बाईंच्या ड्रॉवरमधून आला तर अधूनमधून. मुख्याध्यापक किल्ली शोधायला लागले, कपाट उघडलं आणि रिमोट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असला, की नाना म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या साहेब, दिसला." तुम्हीही अशा शाळा पाहिल्या असतील. टीव्हीला लेस लावलेलं कव्हर असतं, कोपऱ्यावर उद्घाटनाच्या दिवशीचं कुंकू असतं, आणि ते कुंकू अजून पुसलं गेलेलं नसतं.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या शाळेच्या ओट्यावरून दिसतात, अशा एका गावात आम्ही गेलो होतो. फॉर्मवर वीजपुरवठा 'समाधानकारक' होता. नानांनी टीव्हीची वायर बघितली आणि तिच्या मागोमाग चालायला लागले. वायर खिडकीतून बाहेर, पेरूच्या झाडावरून शेजारच्या घरात गेलेली. वर्गातल्या विजेच्या बोर्डाचं काम राहूनच गेलं होतं. त्या घरातल्या अक्का दारात लसूण सोलत बसल्या होत्या. नानांनी पेन खिशात ठेवला आणि विचारलं, "अक्का, शाळाना टीव्ही कसा चालस?"

"चांगला चालस ना भाऊ," अक्का म्हणाल्या. "मन्हं मिक्सर बंद ऱ्हास तवय चालस."

परतताना नाना म्हणाले, इतका खरा अभिप्राय आजवर कुणी दिला नाही, आणि तो लिहायला तुझ्या अ‍ॅपमध्ये जागा नाही.

तो त्यांनी लिहिला त्यांच्या वहीत. शंभर पानी, शाळेचीच वही, आणि लिहायला पेन्सिल. फॉर्म हा शाळेचा. त्यात ते काडीचाही बदल करायचे नाहीत. वहीत मात्र जे पाहिलं, जे ऐकलं ते. गावाचं नाव आठवणीपुरतं, माणसाचं नाव कुठेच नाही. सगळ्या शाळा झाल्या की वहीवरून एक कागद करायचा, असं त्यांच्या मनात होतं. कुठल्या गावात ते लिहायचं नाही, पण काय काय बिघडलंय आणि का, ते साहेबांपुढे ठेवायचं. "पेन्सिल कशाला, नाना?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "बंद असलेलं उद्या चालू झालं तर खोडता यायला हवं ना."

शिंदखेडा तालुक्यातली एक दोनशिक्षकी शाळा. तिथल्या बाई प्रभारी मुख्याध्यापक होत्या. फॉर्म त्यांनी आधीच भरून ठेवला होता, सगळं समाधानकारक. नानांनी रिमोट मागितला. बाईंनी तो दिला, पण देताना त्यांचा चेहरा उतरला. नानांनी रिमोट तसाच टेबलावर ठेवला, बटण दाबलंच नाही. टोपण, अंगठा, खिसा. "पेन खिसामा गया, ताई. आते बोला."

बाई बराच वेळ बोलल्या. टीव्ही त्या यायच्या आधीपासून बंद होता. चार्ज घेताना यादीवर 'चालू स्थितीत' असं लिहिलेलं होतं आणि त्यांनी घाईत सही केली. आता बंद आहे म्हटलं तर त्यांच्याच काळात बिघडला असं धरणार. एरवी हेही त्यांनी सोसलं असतं. पण त्यांची लहानगी मुलगी यावलला, बाईंच्या सासरी होती. केळीबागांतलं घर, सासूबाई तिला सांभाळत होत्या, आणि आई दिसायची ती सुट्टीपुरती. बाईंनी जळगाव जिल्ह्यात बदली मागितली होती आणि ती मिळालीही होती. फक्त इथून सोडायचं बाकी होतं. चौकशी लागली की सोडत नाहीत.

"मुलं कशी शिकतात मग?" मी विचारलं. बाईंनी स्टीलचं पातेलं आणलं, त्यात आपला मोबाईल उभा ठेवला आणि कविता लावली. पातेल्यामुळे आवाज अख्ख्या वर्गात घुमला. पोरं पातेल्याभोवती गोल करून बसली आणि सुरात सूर मिसळून म्हणायला लागली. नाना भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

निघताना बाई म्हणाल्या, "नाना, हे कुठे लिहू नका हं."

"ताई," नाना म्हणाले, "पेन खिशात आहे."

त्या आठवड्याच्या शेवटी नाना एका लग्नासाठी गावी गेले आणि वही माझ्याकडे दिली. "सांभाळजो हं पोरी," म्हणाले. आता माझा शहाणपणा ऐका. रविवारची दुपार मोकळी होती. मला वाटलं, एवढ्या मोलाच्या नोंदी वहीत पडून राहतील, कागद कधी होईल कोण जाणे. नाना जागा नाही म्हणाले होते, पण अ‍ॅपमध्ये प्रत्येक शाळेपुढे 'शेरा' नावाचा रकाना रिकामा असतो. मी वही उघडली आणि एकेका शाळेपुढे एकेक नोंद टाकत गेले. न चुकता, शुद्धलेखन सुधारून. संध्याकाळी सगळं पाठवून दिलं. नाना खूश होतील म्हणून मी मनातल्या मनात खुशीत होते.

महिनाभरात बाईंचा फोन आला. त्या वेळी आम्ही धुळ्याच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. फोन नानांना होता, पण गोंगाटामुळे त्यांनी स्पीकर लावला होता, त्यामुळे मीही ऐकलं. फॉर्मवर समाधानकारक आणि शेऱ्यात बंद. खुलासा करा, अशी नोटीस बाईंना आली होती. बाई चिडल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "नाना, तुम्ही पेन खिशात ठेवला होता ना?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फोनमध्ये म्हणाले, "चूक माझी झाली, ताई. मी बघतो."

फोन ठेवल्यावर मी रडायला लागले. नाना म्हणाले, "चहा पी आधी. मग ऑफिसला जाऊ." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ऑफिसातले साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सरळ विचारलं, "बाई म्हणतात चालू, तुम्ही म्हणता बंद. कोणीतरी एक खोटं बोलतंय. कोण?"

मी तोंड उघडणार होते. नानांनी टेबलाखालून माझ्या हातावर हात ठेवला. साहेबांपुढे काय आहे ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. वही खरी म्हटली तर बाई अडकतात. बाई खऱ्या म्हटल्या तर वही खोटी ठरते, आणि वहीतली एक नोंद खोटी ठरली की सगळीच जाते. अक्कांचा मिक्सर जातो, प्लॅस्टिकमधले रिमोट जातात, त्यांच्या मनातला तो कागदही जातो.

नानांनी खिशातून पेन काढला. टोपण उघडलं. कोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं की सदर शाळेतील टीव्ही चालू असून माझी नोंद चुकीची आहे, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. मी त्यांच्यासोबत शेकडो शाळा हिंडले होते. त्यांना खोटं लिहिताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

बाईंची नोटीस मागे घेतली गेली. शेऱ्याचा रकाना सगळ्या शाळांचा कोरा केला गेला. नानांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. ते 'बरं' म्हणाले, साहेबांना नमस्कार केला आणि जिना उतरले.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "नाना, सगळं गेलं हो."

ते घड्याळ बघत होते. म्हणाले, "शिंदखेड्याची गाडी कितीला आहे बघ. मी लिखी देल शे, टीव्ही चालू शे. आते तो चालू करनाच पडी."

मला वाटलं, गंमत करताहेत. नाना खरंच निघाले. शिंदखेड्यात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चांगला दोन लेकरांचा बाप झालेला माणूस, पण नाना दारात दिसताच उभाच राहिला. त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेले, म्हणजे खरं तर तो चालवत होता आणि मागे नाना होते. मी बसने गेले. त्या दिवशी जमलं नाही. आतला एक भाग जळला होता, तो मागवावा लागला. नाना पुन्हा गेले, आणि तिसऱ्यांदाही गेले, तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात फॉर्म भरून घेत होते. टीव्ही लागला की नाही ते त्यांनी मला कळवलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे फिरणंच बंद झालं. आता शाळांच्या मोबाईलवर लिंक जाते, खुणा होतात, परत येते. आकडे झकास असतात. ते बघायचं काम माझ्याकडे आहे.

नाना गेल्या हिवाळ्यात वारले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ओट्यावर बाई बसलेल्या होत्या, शेजारी शाळेच्या वयाची मुलगी. यावलहून आल्या होत्या. बदलीला बरीच वर्षं झाली, म्हणाल्या. मग नानांबद्दल बोलता बोलता म्हणाल्या, "त्यांच्याकडून एवढी एकच चूक झाली. ती त्यांनी निस्तरलीही."

मला तिथे गप्प बसणं शक्य झालं नाही. मी म्हटलं, "बाई, ती नोंद नानांनी टाकली नव्हती. मी टाकली होती."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "पण ते फोनवर म्हणाले होते..."

"मी शेजारीच होते."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मुलीला जवळ ओढलं. तेवढ्यात नानांच्या घरच्या काकू आतून ती वही घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "हाई वही तुले देवानी म्हनेत. ती पोर येई, तिले दे."

मी हात पुढे करू शकले नाही. वही बाईंनी घेतली. पानं उलटत गेल्या. सगळीकडे पेन्सिल, कुठे पुसट, कुठे गडद. शिंदखेड्याचं पान त्यांनी बरोबर काढलं. तिथे लिहिलं होतं, 'टीव्ही बंद. पातेल्यात मोबाईल ठेवून शिकवतात. पोरं छान म्हणतात.' ते खोडलेलं नव्हतं. त्याच्याखाली निळ्या पेनाने एक ओळ होती, अख्ख्या वहीत पेनाने लिहिलेली तेवढीच.

'चालू. स्वतः पाहिला. रिमोट पोराने आणून दिला.'

बाईंनी ती दोनदा वाचली. वही मिटली आणि माझ्या हातात ठेवली.

"सांभाळा," त्या म्हणाल्या.