देवरावभाऊंचा काळा खड्डा

व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर मी गाईड म्हणून लागले, तेव्हा मला शिकवायला देवरावभाऊ शेंडे होते. पहिल्याच फेरीत, जिप्सी गेटातून आत जाते न जाते तोच त्यांनी मागे वळून पर्यटकांना विचारलं, "साहेब, काळ्या खड्ड्यात पडलेला मानूस बाहेर येते का?" मागच्या साहेबांनी घाबरून दांडा घट्ट धरला. त्यांना वाटलं, पुढे रस्ता खचला आहे.

खड्डा आकाशातला होता. कुणी पर्यटक जिप्सीत विज्ञानकथेचं एक पुस्तक विसरून गेला होता आणि भाऊंनी ते तीनदा वाचलं होतं. त्यातला यानचालक नवव्या प्रकरणात कृष्णविवरात पडतो आणि दहाव्यात घरी चहा पीत बसलेला असतो. "मधातलं काऊन नाई लिहिलं?" भाऊ चिडून विचारत. "तिथून उजेड बी निघत नाई म्हनते, अन् हा कसा निघाला? लेखकानं आपल्याले येडं समजलं काय?"

खरं तर थापा मारण्यात भाऊ त्या लेखकाला हार जाणारे नव्हते. वाघ दिसेल का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार. "दिसनच दिसन! कालच त्या बांबूत बसून होता." काल आम्हाला दोन मोर आणि एक रानडुक्कर दिसलेलं असे. मी टोकलं तर म्हणत, "पोरी, लोकं दुरून येते. नाई कसं म्हनाव?"

एकदा नागपूरहून कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या. सोबत दीर, जाऊ आणि दिराचा हातभर लांब कॅमेरा. बाईंचा विषय कळला मात्र, भाऊंचं जंगलावरचं लक्ष उडालं. तळ्याच्या वळणावर त्यांनी जिप्सी थांबवायला लावली.

"आत गेलेलं बाहेर येत नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "कड ओलांडली की संपलं. पण कडेच्या अगदी बाहेरून फार मंद ऊब निघत असावी, असं गणित सांगतं. त्यामुळे विवर हळूहळू झिजतं."

"झिजते? म्हनजे एक दिवस संपन?"

"संपेल. आपल्याला कल्पनाही येणार नाही इतक्या काळानं."

"मंग आत पडलेल्याचा काई पत्ता त्या उबेतून लागन का नाई?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच नक्की माहीत नाही. अजून वाद चालू आहे."

भाऊ दोन्ही हातांचा खड्डा करून त्यात बघत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात एक वाघीण दोन पिल्लांसह आमच्या मागून रस्ता ओलांडून गेली. मागच्या जिप्सीतल्या लोकांनी काढलेल्या फोटोत ती ऐटीत चालते आहे आणि पलीकडे आमच्या सगळ्यांच्या पाठी आहेत.

दिरांनी गेटवर लेखी तक्रार दिली. बाईंनी दोष स्वतःकडे घेतला, तरी भाऊंना पंधरा दिवस घरी बसवलं. मी त्यांचं सांत्वन करायला गेले, तर ते अंगणात खुशीत बसलेले. "सुनंदा, एवढी शिकलेली बाई तोंडावर म्हनते, मले मालूम नाई! अन् आपुन दहावी पास, दिसनच दिसन म्हनून राह्यलो!"

परत कामावर आले ते बदलूनच. वाघ दिसेल का? "मालूम नाई." पर्यटकांची तोंडं पडत. दुसरे गाईड म्हणाले, हा म्हातारा धंदा बुडवणार. बक्षिसी आटली, पण भाऊंनी उत्तर बदललं नाही. "खोटं बोललो का दिवसभर ते सांभाळत बसा लागते. आता मी बी जंगल पाहून राह्यलो."

गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. चंद्रपूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर म्हणाला, "काका, आठ दिवसांत ठणठणीत करतो तुम्हाला." तो गेल्यावर भाऊ माझ्या कानाशी पुटपुटले, "ह्यानं पयले गाईडकी केली दिसते." हसता हसता त्यांना इतका खोकला आला की नर्सबाई मलाच रागावल्या. सहाव्या दिवशी भाऊ गेले.

अंत्यविधीला गेटवरचे सगळे आले. बुद्धवंदना झाली. घरी येऊन मी बराच वेळ गणवेशाला इस्त्री करत बसले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी माझी होती.

त्या फेरीत एक गृहस्थ मुलाबाळांसह होते. बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मॅडम, वाघ नक्की दिसेल ना?"

"दिसनच" माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. "मला माहीत नाही," म्हटलं.

गृहस्थांनी मोबाईल खिशात टाकला, पुढे सरकून बसले आणि स्वतःच झाडीत बघू लागले.