पसरणीच्या घाटात ठेवलेले दगड

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा पान उलटताना चिडतो. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मी सव्वीस वर्षं ट्रक चालवला, निम्मी जिंदगी घाटात गेली, मला एकही बाई दिसली नाही. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि जे एकदाच वाट्याला आलं ते काय — तर एक कटकट्या म्हातारा, ज्याने मला भर दिवसा रस्त्यातले दगड उचलायला लावले. हे सांगायचं तरी कुणाला?

सांगायची वेळ आणली आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून रिटायर झालेले. ते हा प्रसंग गावच्या पारावर सांगतात आणि दर दिवाळीला त्यात भर घालतात. आधी म्हाताऱ्याचे पाय उलटे झाले, मग डोळे लाल झाले, गेल्या वर्षी तर तो जमिनीवरून वीतभर तरंगत होता. मी शेजारीच बसलेला असतो, तरी. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो.

सन पंच्याहत्तर, श्रावण महिना. मी तेव्हा माधवनगरला एका कापडवाल्याचा ट्रक चालवत होतो. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेला चादरी पोचवायच्या होत्या. आमच्या मालकांनी क्लीनर कधी ठेवला नाही. एवढ्याशा गाडीला दुसरा माणूस कशाला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाटेत साताऱ्याला बहिणीकडे मुक्काम केला, तर सकाळी दाजी बूट घालून तयार. "वसंता, मी येतो. घाटात धुकं आसतंय, जोडीला मानूस पायजे."

जोडीला माणूस म्हणजे तोंडाचा पट्टा. वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि धुकं असं उतरलं की सकाळी अकराला बॉनेटच्या पुढचं दिसेना. मी पहिल्या गिअरमध्ये, आणि हे शेजारून, "आरं, आमी सिक्कीमला ह्याच्या दुप्पट धुक्यात गाड्या पळवल्या." मी म्हटलं, "आवं दाजी, पळवल्या का दुसऱ्यानं पळवल्या आन् तुमी मागं बसला?" त्यावर दोन वळणं दाजी काच पुसत बसले. मग पुन्हा सुरू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

अर्ध्या चढावर फॅनबेल्ट तुटला. गाडी भरलेली, हँडब्रेक नावालाच. मी दोन मोठे दगड मागच्या चाकांना लावले, आणि मागून चढणाऱ्याला कळावं म्हणून दहाएक पावलांवर रस्त्यात पाच दगड ओळीने मांडले. ही तेव्हाची सगळ्या ड्रायव्हरांची रीत. लाल त्रिकोण कुणी पाहिला होता? गाडी बंद पडली की दगड मांडायचे, एवढंच ठाऊक.

तासाभरात दुसरा बेल्ट चढवला. आता खरी मेख अशी, की चढावर भरलेली गाडी एकदा उचलली की पुन्हा थांबवायची नसते. दगड उचलायचं काम क्लीनरचं. क्लीनर नाही. मी म्हटलं, "दाजी, जरा उतरा, तेवढे दगड कडेला टाका, मी हळूहळू पुढं घेतो." दाजींनी बाहेर बघितलं. पाऊस बारीक होता, पण होता. "कोन उतरतोय ह्या चिखलात? येनारा बगंल की. डोळं हायती त्याला."

आणि मी... मी गाडी उचलली. दाजींना दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. शिवाय ती काही माझी पहिली वेळ नव्हती. एकट्याने गाडी चालवणारा मी असे दगड कुठेकुठे ठेवून आलो होतो ते मलाच माहीत नव्हतं.

पाचगणीला माल उतरवला, जेवलो, चारच्या सुमारास उतरणीला लागलो. धुकं आणखी दाट. दाजी म्हणत होते मोठा लाइट लाव. मोठा लाइट लावला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, हे मी दोनदा समजावून सांगितलं. शेवटी म्हटलं लावतो, बघा. लावला. भिंत उभी राहिली आणि त्या भिंतीत काठी वर केलेला एक म्हातारा.

मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. डोक्यावरून घोंगडं, हातात काठी, आणि चेहऱ्यावर भीती वगैरे काही नाही, नुसता वैताग. दाजींच्या बाजूने येऊन त्याने दार उघडलं. त्या दाराची बिजागरी अशी कर्कश ओरडायची की अर्ध्या मैलावर कळावं. ती ओरडली. म्हातारा चढून आमच्या दोघांच्या मध्ये बसला.

"कुठं जायचंय, बाबा?" मी विचारलं.

"खाली. दगुड उचलाया."

"कसले दगड?"

"तूच ठिवल्यालं. आन् त्यो दिवा खाली कर आदी. सोताच्या डोळ्यात धूळ टाकतोस व्हय रं?"

मी लाइट खाली केला. मला वाटलं, सकाळी इथेच कुठेतरी कडेला बसून त्याने आम्हाला पाहिलं असणार. ओल्या लोकरीचा आणि आंबलेल्या दुधाचा वास केबिनभर पसरला होता. नंतरची पंधरा मिनिटं म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक वळणाला, "हारन दे." दिला तर, "लांबडा दे." जरा वेग घेतला की काठी पायाशी आपटायची. "मानसं चालत्यात ह्या रस्त्यानं. त्यास्नी दिवं नसत्यात." दाजी एकदा सिक्कीम म्हणाले, तर त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तू सकाळी उतरला न्हाईस. तू बोलू नगं." दाजींना कुणी असं गप्प केलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एरवी मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडलो असतो.

"थांब," तो म्हणाला. मी गाडी कडेला घेतली. दगड आमच्या बाजूला नव्हतेच, चढणाऱ्याच्या बाजूला होते. तो नसता तर मी सरळ निघून गेलो असतो, मला ते दिसलेही नसते.

आम्ही दोघं उतरलो. चाकांचे दोन दगड आधी सापडले, ते नाल्यात टाकले. मग खाली उतरून ओळीतले पाच. दाजी कुरकुरत होते, पण उचलत होते. शेवटचा दगड माझ्या हातात असतानाच खालून फटफट ऐकू आली आणि धुक्यातून एक स्कूटर आली. दिवा नाही. पुढे उभं एक लहान पोर, मागे बाई, तिच्या मांडीवर पिशवी. जिथे ओळ होती नेमकी तिथूनच ती गेली. मला चुकवताना तो माणूस जरासा डगमगला आणि ओरडला, "रस्ता काय बापाचा हाय का रं? मधी कशाला हुबं ऱ्हाताय?"

  दगड हातात घेऊन उभा होतो. एका माणसाचा तो दगड आम्ही दोघांनी मिळून नाल्यापर्यंत नेला, हे दाजी कधीच सांगत नाहीत.

तेवढ्यात केबिनमधून आवाज आला. "आठ. येक कुठाय?"

"सातच ठेवलेत, बाबा," मी वैतागून म्हटलं.

"आठ हायती. बग नीट."

आम्ही त्या पावसात रस्ता वरखाली चाचपला. आठवा नव्हताच. आता याला दोन शब्द सुनवावेत म्हणून परत आलो, तर केबिन रिकामी. दार लावलेलं. ती बिजागरी ओरडलेली ना मी ऐकली ना दाजींनी. बाकावर मधोमध ओला डाग होता आणि तो वास होता, बाकी काही नाही. दाजींनी हाका मारल्या. धुक्यात त्यांचाच आवाज परत आला.

वाईला चहा प्यायला थांबलो तेव्हा हॉटेलवाल्याला विचारलं, घाटात कुणी म्हातारा गेलाय का? मला वाटलं होतं, आता हा आवाज खाली करून सांगणार की अमक्या साली अमका मेला. कसलं काय. तो म्हणाला, "म्हातारं लय मरत्यात, पर घाटात कोन न्हाई ब्वा." म्हणजे धड भुताची गोष्टही हाती लागली नाही.

आठ मात्र डोक्यातून जाईना. जेवताना आठ, गाडी पुसताना आठ. आणि चारेक दिवसांनी आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना एकदम आठवलं. मेढा. त्याच वर्षी पौषात मेढ्याच्या पुढे, केळघरच्या चढाला रेडिएटर उकळला म्हणून थांबलो होतो. सकाळचं धुकं होतं. चाकाला एकच दगड लावला होता. पाणी घातलं, गाडी उचलली, गेलो.

पुढच्या आठवड्यात मेढ्याचा माल होता. त्या चढाजवळ चहाचं एक खोपटं आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की इथे पौषात रस्त्यात एक दगड होता का? चहावाल्याने किटली खाली ठेवली.

"दगडाचं कशाला पुसताय? त्या दगडापायी आमच्या दूधवाल्या म्हाताऱ्याचा पाय गेला. धुक्यात जीप आली, दगडावर उडाली, कडंनं ह्यो चालला हुता त्याच्यावर. जीपवाला थांबला बी न्हाई."

मी चहा तसाच टाकला आणि त्याने दाखवलेल्या पायवाटेने वर गेलो. धनगराचं घर, दारात दुधाच्या कासंड्या. म्हातारी बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघून ती नुसतं "आत या" म्हणाली. बाजेवर तो पडला होता. तेच घोंगडं, तोच वास, तोच वैताग. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"पुसाच्या म्हैन्यापासनं हातरुन सोडलं न्हाई त्यांनी," म्हातारी म्हणाली. "दारापातूर बी न्हाई."

 पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, "बाबा, त्यो दगड माजा हुता."

"ठावं हाय," म्हातारा म्हणाला. मग बायकोला, "दे त्याला."

उंबऱ्याशी एक दगड होता. कासंड्या पालथ्या घालायला ती तो वापरायची. "परत कुनाच्या पायात नगं म्हनून मीच आनला वर," ती म्हणाली. मी तो उचलला. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. "आठ झालं. जा आता. आन् वळनाला हारन दे."

पसरणीचा घाट पाहिलात का कधी, असं मी विचारलंच. म्हातारी म्हणाली, ते मेढ्याच्या पलीकडं कदी गेलं न्हाईत. त्याने घोंगडं तोंडावर ओढून घेतलं.

पुढे मेढ्याला गेलो की मी तिथे जायचो. तो तीन वर्षांनी गेला. शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही, आणि का बोलावं त्याने?

लोक म्हणतात, दमला होतास, भास झाला. मग दाजींनाही तोच भास झाला? दुसरे म्हणतात, दैवी संकेत. ज्याला पाय नाही त्याला बारा मैलांवर चालत पाठवणारा हा कसला संकेत? मला काही उलगडा झालेला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

तो दगड माझ्याकडे आहे. सव्वीस वर्षांतली उरलेली सगळी वर्षं चाकाला तोच लावला आणि प्रत्येक वेळी उतरून, भिजून, शिव्या खाऊन परत गाडीत घेतला. आता माधवनगरला घराच्या पायरीपाशी असतो. कधीकधी मी तो उचलून कडेला ठेवून बघतो. बिडी पेटवायला याहून जास्त वेळ लागतो.