मामांची बोरं आणि सदाफुली

माझ्या मामांइतकं अमरावतीच्या भाजीबाजाराला दुसऱ्या कुठल्याही रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं छळलं नसेल. रेणूंचे नमुने बांधायला त्यांना लागायची कार्बनसाठी एकाच मापाची बोरं, हायड्रोजनसाठी वाटाणे आणि जोडायला खराट्याच्या काड्या. भाजीवाली शांतपणे विचारायची, "सर, आज खायाले नेता का शिकवाले?" तेल्हाऱ्याच्या एका लग्नात त्यांनी ताटात सहा लाडू बेंझिनच्या कड्यासारखे मांडले आणि वाढप्याला सातवा ठेवू दिला नाही. कड्याचा तोल जातो म्हणे. "कशाचं हाये ते नोको इचारू, जोडलं कसं हाये ते इचार," हे त्यांचं वाक्य आम्हा भाच्यांना पाठ होतं.

आईला गाठींचा कर्करोग झाला तेव्हा हेच मामा तिच्या दर इंजेक्शनाला गाडीनं अकोल्याला येऊ लागले. तिला लागणारं एक औषध सदाफुलीतून काढतात, हे त्यांनीच मोठ्या अभिमानानं सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. महिनाभरात अंगणातली सदाफुली बोडकी झाली. आई पानं वाटून चोरून पीत होती, आणि पुढचं इंजेक्शन घ्यायला तिनं चक्क नकार दिला.

"झाड एकच ना दादा? मंग मी सुई काहून टोचून घेऊ?"

मामा रागावले नाहीत. बोरं घेऊन दिवसभर ओसरीवर बसले. औषधाचा रेणू दोन अर्ध्यांचा. अर्धी सुटी केली तर जवळजवळ निकामी, जोडली तरच पेशीची वाढ अडते. नायट्रोजनच्या टोकाला असलेल्या बोराचे दोन वाटाणे काढून तिथं ऑक्सिजन लावला की तेच औषध वेगळ्या कर्करोगांवर चालतं आणि नसांना जास्त जाचतं; बोटं थोडी बधिर मात्र दोन्हींनी होतात. पानात हे सगळं चिमूटभर, बाकी ढीगभर इतर विषं. किती पोटात गेलं, कोण सांगणार?

"एवढं बारीक विणकाम केलेली वस्तू," आई म्हणाली, "अन् मी तिची चटणी केली." दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. सगळी इंजेक्शनं पुरी केली.

ती बरी झाली. बोटांचा बधिरपणा मात्र मामांनी सांगितला होता तसा आला, आणि थोडा कायमचाच राहिला. या वर्षी मामा गेले तेव्हा त्यांचा हात तिच्याच हातात होता. तो केव्हा थंड पडला, हे तिच्या बोटांना कळलंच नाही. मी सांगेपर्यंत ती तो चोळत होती.