आमच्या साडूंचा ओढा

रिक्षात मागे ऐसपैस जागा असताना रिक्षावाल्याशेजारी बसू पाहणारा माणूस सबंध पुण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एका पुढाऱ्याचे पी.ए. होते. थोडेथोडके नाही, उमेदीचं सगळं आयुष्य होते. मागची सीट साहेबांची आणि पुढची आपली, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की मागे बसवलं तर त्यांना गाडी लागते. चालतानाही ते कोणाच्याही अर्धं पाऊल मागे आणि किंचित डावीकडे असतात. मंडईत ताई, म्हणजे त्यांची बायको, पुढे आणि हे मागून पिशवी धरून अशा काही अदबीने येतात, की भाजीवाल्या तिला नगरसेविका समजतात आणि कोथिंबिरीची काडी जास्त घालतात. लग्नकार्यात त्यांच्याजवळ उभं राहणं ही तर चैनच. समोरून कोणी येताना दिसलं की हे आपल्या कानाशी लागून त्याचं नाव, गाव आणि ताजी खबर पुरवतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात ते असेच कुजबुजले, "हे मामा. नाशिकचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आवर्जून विचारा." मामा माझेच होते. पण ऑपरेशनचं मला ठाऊक नव्हतं, हेही खरं.

साहेबांच्या ऑफिसात 'नाही' या शब्दाला बंदी होती. नाही म्हटलं की मत गेलं. त्यामुळे तिथे नकाराची एक वेगळीच भाषा तयार झाली होती आणि साडू तिचे पंडित होते. 'करून टाकू' म्हणजे पुढच्या निवडणुकीनंतर आठवण करा. 'बोलून घेतो' म्हणजे विसरून जा. आणि 'बघतो' म्हणजे स्वच्छ, निखळ नाही. ही भाषा त्यांनी घरीही आणली. ताई म्हणाली, "अहो, माळ्यावरचा मोठा कुकर काढून देता का?" की हे पेपरामागून म्हणत, "बघतो." ताई मुकाट्याने स्टूल ओढायला लागे.

मग साहेबांचे चिरंजीव राजकारणात उतरले. त्यांच्याबरोबर लॅपटॉपवाली टीम आली, आणि त्या टीमने साडूंना शाल-श्रीफळ देऊन, "काका, आता आराम करा," असं सांगून मोकळं केलं. साहेब स्वतः त्या दिवशी गावाला गेले होते. वनस्पतिशास्त्रातली जुनी एम.एस्सी. साडूंच्या पदरी होती. तिच्यावरची धूळ झटकून त्यांनी एक अभ्यासक्रम पुरा केला आणि सदाशिव पेठेत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर पर्यावरण सल्लागार म्हणून ऑफिस थाटलं. एखाद्या जमिनीवर इमारत उभी राहण्याआधी तिथे कोणती झाडं आहेत, पाणी कुठून वाहतं, पाखरं कुठली येतात, याचा अहवाल करून द्यायचा, हे काम. दारावर पाटी लावली ती 'आपले सहर्ष स्वागत आहे' अशी. सदाशिव पेठेत इतकं अगत्य कोणी लिहीत नाही. त्यामुळे सुरुवातीला लोक मंगल कार्यालय समजून तारखा विचारायला यायचे.

कामात मात्र माणूस रमला. जागा पाहायला जाण्याला ते 'दौरा' म्हणत. माझी निवृत्ती झाल्यापासून मीही हौसेने त्यांच्या दौऱ्यावर जाई. जुन्या वडासमोर ते हात जोडत, "हे इथले ज्येष्ठ. यांना विश्वासात घेतल्याशिवाय काही करता येणार नाही." कंपाउंडच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ हा अपक्ष, आणि सुबाभूळ म्हणजे बाहेरून आयात केलेला उमेदवार. त्यांच्या एका अहवालात 'सदर चिंचेच्या भावना लक्षात घेता' असं वाक्य होतं. ते मीच खोडायला लावलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण आतलं दुखणं ते दाखवत नसत. त्यांच्या मनाचा ओढा अजून साहेबांकडेच होता. पेपरात साहेबांचा फोटो आला की ते चष्मा पुसून बघत आणि पुटपुटत, "एवढ्या उन्हात कशाला उभं केलंय त्यांना?" मोबाइलवर साहेबांच्या नंबरापुरती सनई लावून ठेवली होती. शाल मिळाल्यापासून ती एकदाही वाजली नव्हती, तरी हे मोबाइल घेऊन अंघोळीला जात. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "मला परत कामावर घ्यावं असं नाही हो. पण नुसतं 'अरे, आहेस कुठे?' एवढं तरी विचारावं." मी आणखी एक चहा सांगितला.

यंदा उन्हाळ्यात पुण्याजवळ मांजरी गावात एका बिल्डरच्या जमिनीवर आमचा दौरा झाला. उसाचं जुनं रान, आणि त्यातून गेलेला एक कोरडा ओढा. बिल्डरचं म्हणणं, याला अहवालात 'चर' म्हणा. चर म्हणजे शेतकऱ्याने खणलेली, ती बुजवता येते. ओढा म्हटलं की दोन्ही काठांना जागा सोडावी लागते. साडू काठाकाठाने बरंच हिंडले. करंज पाहिले, उंबर पाहिले, दगडाखालची खेकड्याची बिळं पाहिली. मग म्हणाले, "चरीच्या काठाला एवढे जुने करंज आणि उंबर कसे येतील? हा ओढा आहे."

"एका शब्दाचा तर प्रश्न आहे, सर," बिल्डर हसत म्हणाला. "मी तुमच्या साहेबांशी बोलून घेतो."

त्याच्या तोंडचं 'बोलून घेतो' मात्र खरं निघालं. पुढच्या रविवारी साडू आणि ताई आमच्याकडे जेवायला होते. वरणभात चालू असताना सनई वाजली. आम्हाला वाटलं, शेजारी काही कार्य आहे. पण साडू उष्ट्या हाताने ताडकन उभे राहिले.

"साहेब!" त्यांचा चेहरा असा उजळलेला मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता. "हो साहेब... मी पुण्यातच... हो, हीसुद्धा मजेत." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. ताईने माझ्या बायकोचा हात धरला. फोन कशासाठी आलाय ते तिला कळलं होतं.

"साहेब," साडू अखेर म्हणाले, "मी तुम्हाला 'बघतो' म्हणणार नाही. तसं लोकांना म्हणायचं असतं. तो ओढा आहे, साहेब. मी ओढाच लिहिणार. नाही जमणार मला."

फोन बंद झाला. ते तसेच उभे होते. हातावरचा भात वाळला होता. ताई म्हणाली, "बसा हो. जेवून घ्या." ते बसले, पण जेवले नाहीत.

"आवाज बसलाय साहेबांचा," जरा वेळाने ते म्हणाले. "मध्येमध्ये खोकत होते. छातीतला खोकला आहे. तिथे कोणाच्या लक्षात आलं असेल का?" त्यांनी मोबाइल उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा पालथा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फोन करून विचारलं असतं हो. पण आता केला तर त्यांना वाटेल, मी चर लिहायला तयार झालोय."